चांदीचे कण आणि निर्ढावलेले जंतू

व्याख्यानमालेसाठी आम्ही निवडलेल्या विषयाचे नाव ऐकून एका स्नेह्यांनी विचारले, "उन्हाळ्याच्या संध्याकाळी गच्चीवरचा वारा सोडून लोक जंतूंची कथा ऐकायला कशाला येतील?" प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल आम्ही त्यांना एक घडलेली हकीकत सांगितली. तीच येथेही आरंभी सांगतो.

आमच्या आळीत एक बाई राहत असत. स्टोव्हचा भडका उडून त्यांचा हात, खांदा आणि पाठ भाजली. पहिले तीन दिवस धोक्याचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ते तीन दिवस पार पडले. बाई बोलू लागल्या, पेज घेऊ लागल्या, धाकट्याच्या परीक्षेची चौकशी करू लागल्या. आठव्या दिवशी पट्टीवर हिरवट पू दिसला. तो तपासणीस पाठविला गेला. तपासणीच्या कागदावर औषधांची नावे एकाखाली एक छापलेली होती आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे एकच शेरा होता : जंतू दाद देत नाही. सतराव्या दिवशी बाई गेल्या. आगीने त्यांना सोडले होते, जंतूंनी सोडले नाही.

हा शेरा आज जगभर उमटत आहे. तो का उमटतो, आणि त्यावर धातूंच्या, विशेषतः चांदीच्या, अतिसूक्ष्म कणांचा काही उपाय आहे काय, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम भाजलेल्या माणसाची अडचण समजून घेऊ. आपले शहर तटाचे आणि दरवाजांचे. तट शाबूत असेल तोवर राखण फक्त दरवाजांवर ठेवावी लागते. तटालाच खिंडार पडले म्हणजे दरवाजांवरचे पहारेकरी काय करणार? त्वचा हा शरीराचा तट होय. ती जळाली की बाहेरचे जंतू सरळ आत येतात. दुसरी अडचण अशी की, जळून मेलेल्या थरातून रक्त वाहत नाही. तोंडाने किंवा सुईने दिलेले औषध रक्ताच्या वाटेनेच जखमेपर्यंत जायचे. वाटच बंद झाल्यावर ते तेथे पुरेसे पोचत नाही. म्हणून भाजलेल्या जखमेवर वरून लावण्याचे जंतुनाशक हवेच, आणि ते असे हवे की जंतू मरावेत पण खालून उगवणारी कोवळी कातडी मरू नये.

आता प्रतिजैविकांकडे वळू. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलीन सापडले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि हे औषध देशात तयार होऊ लागले. ज्या फुप्फुसदाहाने घरचा कर्ता पुरुष आठवड्यात जात असे, तो काही सुयांनी बरा होऊ लागला. त्या काळच्या लोकांना हा चमत्कार वाटला असेल तर नवल नाही. परंतु खुद्द फ्लेमिंग यांनीच १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या वेळी केलेल्या भाषणात इशारा दिला होता की, औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट ते औषध सोसायला शिकतील. तो इशारा आपण ऐकला नाही. सर्दीला गोळी, अंगदुखीला गोळी, आणि ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फडताळात, ही आपली रीत झाली.

जंतू शिकतो कसा? त्याच्या तीन युक्त्या मुख्य आहेत. एक, औषधाचा रेणू तोडणारा पदार्थ तो तयार करतो. दोन, आत शिरलेले औषध पंपाने पाणी उपसावे तसे बाहेर उपसून टाकतो. तीन, औषध ज्या जागी बसते ती जागाच तो किंचित बदलतो, म्हणजे कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली जशी निरुपयोगी होते तसे औषध निरुपयोगी होते. आणि खरी कठीण गोष्ट याच्याही पुढची आहे. ही युक्ती जंतू आपल्या वंशजांना तर देतोच, पण शेजारच्या परक्या जातीच्या जंतूलाही, वर्गात चिठ्ठी सरकवावी तशी, देऊन टाकतो. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. आमच्या आळीतल्या बाईंसारख्या किती घरांचा हा हिशेब आहे, हे ज्याचे त्याने मनाशी करावे.

अशा वेळी माणूस जुन्या पेट्या उघडतो. धातूंची जंतुनाशक शक्ती ही अशीच एक जुनी पेटी आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधविलेल्या नहरींचे पाणी या शहरात आले, ते घरोघर हंड्या-घागरींत साठविले गेले, आणि तांब्याच्या भांड्यातले पाणी चांगले हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागले नाही. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली या समजुतीची परीक्षा घेतली. पटकी, हगवण, विषमज्वर या वर्गातील रोगांचे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी त्यांनी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवले. त्यानंतर त्या पाण्यातून एकही जंतू वाढविता आला नाही, आणि पाण्यात उतरलेले तांबे पिण्याच्या मर्यादेच्या आत होते. या प्रयोगातील सोळा तास मात्र विसरता कामा नयेत. घागर भरली आणि पेला बुडविला, एवढ्याने काही होत नाही.

युरोपातही ही पेटी उघडली गेली होती. जर्मनीत लाइप्झिग येथे क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकण्यास आरंभ केला, आणि जन्मतःच आईकडून येणाऱ्या जंतूंनी होणारे अंधत्व झपाट्याने कमी झाले. नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मृत्यूनंतर, १८९३ साली, त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पाण्यात तांबे किंवा चांदी यांचा लवलेश असला तरी त्यातील शेवाळ मरते, हे त्यांनी त्यात दाखविले होते. पुढे १९६८ साली सिल्व्हर सल्फाडायझीन हे मलम आले आणि भाजलेल्यांच्या कक्षात ते घरच्यासारखे झाले. भाजलेल्या नातलगाची शुश्रूषा ज्यांनी केली असेल, त्यांनी तो पांढरा लेप पाहिलेला असेल.

मग नवे ते काय? नवा आहे तो आकार. नॅनो या शब्दाला भिण्याचे कारण नाही. एका मीटरचे शंभर कोटी भाग करावेत, त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सामान्य जंतूची लांबी एक ते दोन हजार नॅनोमीटर भरते. आपण ज्या चांदीच्या कणांविषयी बोलत आहोत, ते दहा-वीस नॅनोमीटरचे. म्हणजे जंतू जर बैलगाडीएवढा मानला, तर कण बोरा-लिंबाएवढा.

लहान केल्याने काय साधते, हे साध्या अंकगणिताने कळेल. एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा चांदीचा ठोकळा घ्या. त्याचे वजन साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून थोडे कमीच. त्याला सहा बाजू, म्हणून बाहेरून दिसणारी चांदी सहा चौरस सेंटिमीटर. बाकी सारी पोटात दडलेली. आता याच ठोकळ्याचे दहा नॅनोमीटरचे चिमुकले ठोकळे करा. त्यांची संख्या एकावर अठरा शून्ये इतकी होते. आपल्या जुन्या संख्यास्थानांतील शेवटचे स्थान परार्धाचे. ही संख्या त्याच्याही एक पायरी पुढची. आणि या सर्वांचे पृष्ठभाग एकत्र मांडले तर सहाशे चौरस मीटर, सुमारे साडेसहा हजार चौरस फूट, भरतात. तोळाभर चांदी, आणि पृष्ठभाग एका मोठ्या वाड्याच्या आवाराएवढा! जंतूंशी गाठ पडते ती पृष्ठभागाची. पोटातली चांदी ही तिजोरीतल्या पैशासारखी. असून कामाची नाही.

असा कण जंतूला मारतो कसा? येथे थोडे सावकाश जावे लागेल. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या संगतीने कणाच्या पृष्ठभागावरील चांदी हळूहळू विद्युद्भारित अणूंच्या, म्हणजे आयनांच्या, रूपाने सुटू लागते. हे आयन जंतूच्या शरीरातील गंधकयुक्त प्रथिनांना घट्ट चिकटतात. ज्या प्रथिनांवर त्याचा श्वास चालतो, तीच प्रथिने अशी बांधली गेली की त्याची यंत्रणा अडखळते. प्राणवायूची दाहक रूपे आतल्या आत तयार होऊन त्याला पोळू लागतात. शिवाय दहा नॅनोमीटरच्या आसपासचे कण जंतूच्या वेष्टनाला चिकटून त्याला इजा करताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले आहेत. मारणारा खरा कोण, कण की आयन, हा वाद पुष्कळ दिवस चालला. अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ साली प्राणवायू पूर्णपणे वगळून प्रयोग केला. आयन सुटेनात, आणि जंतूही मरेनात! यावरून मुख्य मारेकरी आयन आणि कण हा त्याचा कोठीघर, असे मानण्यास आधार मिळाला. सिल्व्हर नायट्रेट आपली सारी शिबंदी एकदम मैदानात उतरविते आणि ती लवकर खर्ची पडते. कण मात्र जखमेवर बसून थोडी थोडी कुमक सोडीत राहतो.

प्रतिजैविकाशी याची तुलना केली म्हणजे महत्त्व ध्यानात येते. पुष्कळ प्रतिजैविके जंतूच्या एखाद्याच नेमक्या ठिकाणी घाव घालतात. तेवढे ठिकाण बदलले की जंतू सुटला. धातू एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतो. अनेक कुलुपे एकदम बदलणे जंतूला अवघड जाते. अवघड म्हणजे अशक्य नव्हे. त्याकडे आपण पुढे येऊच.

हे कण करण्याच्या कामी महाराष्ट्राने जी कामगिरी केली, ती आपल्याच लोकांना फारशी ठाऊक नाही. रासायनिक कृतीत कडक औषधे वापरावी लागतात आणि त्यांचा अंश कणांना चिकटून राहण्याची भीती असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखविले की, एक साधी बुरशी चांदीच्या क्षारापासून हे कण तयार करते. २००४ साली त्याच प्रयोगशाळेतून कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने सोन्याचे व चांदीचे कण केल्याचे प्रसिद्ध झाले. कृती पाहण्यासारखी असते. सिल्व्हर नायट्रेटचे पाण्यासारखे नितळ द्रावण घ्यावे, त्यात काढा मिसळावा, आणि पाहता पाहता रंग पिवळा, मग तपकिरी होत जातो. चांदीचा हा पिवळा रंग आकाराचा आहे. इतके लहान कण प्रकाशातील जांभळा-निळा भाग गिळतात, म्हणून उरलेला पिवळा आपल्याला दिसतो. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात महेंद्र राय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली दुसऱ्या एका बुरशीपासून केलेले कण प्रतिजैविकांच्या जोडीने रोगजंतूंवर चालवून पाहिले.

आपल्या शहराशी या कामाचा धागा जुळतो तो बाळू चोपडे यांच्या रूपाने. २०१४ ते २०१९ या काळात ते येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यापूर्वी पुणे विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात त्यांनी व सहकाऱ्यांनी कडू करांद्याच्या अर्कापासून चांदीचे कण केले आणि ते प्रतिजैविकांशी जोडले, ही गोष्ट २०१२ सालची. त्याच्या पुढच्या वर्षीचा त्यांचा प्रयोग आम्हांला अधिक मनोरंजक वाटतो. अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचे जंतूंचे एक कुळ आहे. त्यातील एक जात रुग्णालयांत इतकी माजली आहे की, जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली नव्या औषधांची निकड ज्यांच्यासाठी सर्वांत जास्त अशा जंतूंची यादी केली, तेव्हा तिचे नाव अगदी वरच्या गटात घातले. चोपडे यांच्या प्रयोगशाळेने याच कुळातील दुसऱ्या जातीला चांदीचे कण तयार करण्याच्या कामाला जुंपले, आणि ते कण प्रतिजैविकांबरोबर वापरता जंतूंवरील मारा वाढला. काट्याने काटा काढावा तो असा.

प्रयोगशाळेतून जखमेपर्यंतची वाट पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालून दाखविली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात सात ते वीस नॅनोमीटरच्या कणांचे मलम आहे. त्याची तुलना बाजारातील सिल्व्हर सल्फाडायझीनशी केली गेली. जंतुनाशनाचा आवाका जवळपास सारखाच आढळला, पण चांदी लागली ती तिसाव्या हिश्श्याने! हा तिसावा हिस्सा खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचा नाही; चांदीचे एवढे मोल मलमात नसतेच. तो महत्त्वाचा आहे कोवळ्या कातडीच्या दृष्टीने. चांदी जास्त झाली तर ती जंतूंप्रमाणे आपल्या पेशींनाही जाचते आणि जखम भरण्यास उशीर लावू शकते. कमी चांदीत तेच काम झाले तर जखमेवरील जाच तेवढा कमी. याच कामात आणखी एक गोष्ट दिसली, ती आम्ही मुद्दाम सांगतो. चांदीचे कण काही प्रतिजैविकांबरोबर चांगले जुळले. सेफ्टाझिडिमच्या जोडीने तर दोघांच्या बेरजेहून अधिक काम झाले. पण क्लोरॅम्फेनिकॉलबरोबर ते एकमेकांच्या आड आले. तेव्हा दोन चांगली औषधे एकत्र केली की दुप्पट चांगले औषध होते, हा हिशेब खोटा आहे.

येथवरच थांबलो तर श्रोते टाळ्या वाजवून घरी जातील, पण आमचे काम अर्धेच राहील. या चांदीला काळी बाजूही आहे.

पहिली गोष्ट, काचेच्या तबकडीतील जंतू मेला म्हणजे रोगी बरा झाला असे नव्हे. पाल्यापासून कण केले, तबकडीवर जंतूंच्या थरात स्वच्छ वर्तुळ दिसले, असे निबंध आज हजारोंनी निघतात. त्यांतून जखमेपर्यंत पोचणारे बोटांवर मोजण्याइतके. मलम, जखमेच्या पट्ट्या, लघवीच्या नळ्या अशा बाहेरच्या उपयोगात चांदीने जागा मिळविली आहे. पण पोटात किंवा शिरेतून देण्याचे सर्वमान्य औषध म्हणून तिच्या कणांना आजही मान्यता नाही.

दुसरी गोष्ट, चांदी पोटात घेत राहिल्याने कातडी राखी-निळी पडते आणि तो रंग सहसा जात नाही. अमेरिकेच्या औषध खात्याने १९९९ साली स्पष्ट केले की, चांदीचे पाणी म्हणून विकली जाणारी औषधे सुरक्षितही मानता येत नाहीत आणि गुणकारीही. आपल्याकडे कोणी म्हणेल, आमचे रौप्यभस्म हे तरी दुसरे काय? आमचे उत्तर असे की, भस्माची कृती वेगळी, त्याचे रासायनिक स्वरूप वेगळे, आणि त्याची परीक्षा वेगळी व्हावयास हवी. नॅनोकणांच्या निबंधाने भस्म सिद्ध होत नाही, आणि भस्माच्या पुरातनपणाने नॅनोकण निर्धोक ठरत नाहीत. दोघांनीही एकमेकांची प्रमाणपत्रे वापरू नयेत.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. जंतू चांदीलाही निर्ढावतात. अमेरिकेत बॉस्टन येथील भाजलेल्यांच्या एका कक्षात चांदीला न जुमानणारे जंतू आढळल्याची नोंद १९७५ सालीच झाली, आणि ही विद्या देणारी जनुके पुढे ओळखलीही गेली. २०१८ साली चेक संशोधकांनी तर विलक्षण प्रकार दाखविला. जंतूंना चांदीच्या कणांचा अपुरा मारा पुन्हापुन्हा दिला, तेव्हा ते आपल्या शेपटीतील चिकट प्रथिन अधिक बनवून बाहेर टाकू लागले. त्या चिकट्याने कण एकमेकांना डकले, त्यांचे गोळे झाले, आणि एवढ्या खटाटोपाने मिळविलेला तो साडेसहा हजार फुटांचा पृष्ठभाग पुन्हा पोटात गेला! त्यावर त्यांना उपाय सापडला तो डाळिंबाच्या सालीच्या अर्कात. त्याने ते प्रथिन तयार होणेच थांबले. डाळिंबाची बाग म्हणजे काय हे मराठवाड्याला सांगावयास नको. परंतु त्या आनंदात मुख्य धडा विसरू नये. अपुरा मारा पुन्हापुन्हा दिला की जंतू शिकतो. फ्लेमिंग यांनी १९४५ साली सांगितलेले ते हेच नव्हे काय?

आणि आज आपण काय करीत आहोत? मोज्यांत चांदी, बनियनमध्ये चांदी, धुलाईयंत्रात चांदी, अशा जाहिराती दिसतात. घामाचा वास मारण्यासाठी विणलेली ही चांदी धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जाते. आमच्या शहराचे सांडपाणी खाम नदीला जाते आणि खाम गोदावरीला मिळते. वाटेत ती थोडी थोडी चांदी लक्षावधी जंतूंना शिकवणी देत जाणार. गटारातील पुष्कळ चांदी गंधकाशी जुळून निष्प्रभ होते हे खरे, आणि तेवढाच दिलासा. पण जे शस्त्र भाजलेल्या रोग्याच्या उशाशी शेवटचे म्हणून ठेवावयाचे, ते मोज्यांच्या वासावर उधळणे शहाणपणाचे नव्हे.

याचा अर्थ चांदीचा प्रत्येक बाहेरचा वापर वाईट, असा नाही. २००९ साली टाटांनी भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे सूक्ष्म कण बसवून पाणी गाळण्याचे स्वस्त यंत्र काढले होते. विजेवाचून चालणारे हे साधन जेथे नळाचे पाणी भरवशाचे नाही तेथे मोलाचे. पिण्याच्या पाण्यासाठी आणि जखमेसाठी चांदी ही गरज. वास मारण्यासाठी चांदी ही चैन. गरज आणि चैन यांतील भेद संसारात आपल्याला कळतो, तो येथेही कळावा.

व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "नातवाच्या उष्टावणासाठी चांदीची वाटी घेतली आहे. ती ठेवावी की मोडावी?" आम्ही म्हणालो, वाटी जरूर ठेवावी; तिने बाळाचे बिघडणार नाही आणि जंतूही मरणार नाहीत, कारण वाटीतली चांदी पोटात दडलेली आहे. मात्र बाळाला भरविणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. गृहस्थ हसले, पण आम्ही हे हसण्यावारी म्हटले नव्हते. जो जंतू हातावरच धुतला गेला त्याच्यासाठी ना प्रतिजैविक लागत, ना चांदी.

भाजल्याबरोबर जखमेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, तूप, हळद, टूथपेस्ट काही थापू नये. डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक सांगितल्या मात्रेत, सांगितले तितके दिवस घ्यावे, आणि त्यांनी दिले नसेल तर दुकानातून मागून आणू नये. या गोष्टी कंटाळवाण्या आहेत हे आम्ही जाणतो. चांदीच्या कणाची झळाळी त्यांना नाही. परंतु शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेली नवी शस्त्रे आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत धारदार राहावयाची, तर त्यासाठी नागरिकाने करावयाचे काम एवढेच आहे. आमच्या आळीतल्या त्या घरातील धाकटा आता मोठा झाला आहे. त्याच्या घरी कधी असा प्रसंग आला, तर तपासणीच्या कागदावर निदान एका नावापुढे तरी 'जंतू दाद देतो' असा शेरा असावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.